निरीक्षकसाहेबांची सखोल पाहणी

"एक सही, बाई. फक्त एक सही," असं म्हणत इमारत निरीक्षक तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांना एवढी धाप लागली होती की 'सही' या दोन अक्षरांच्या मध्येसुद्धा त्यांना एकदा श्वास घ्यावा लागला.

दार टायपिस्टबाईंनी उघडलं होतं. सगळी इमारत त्यांना याच नावानं ओळखायची, कारण पालिकेच्या इमारत खात्यात त्यांनी एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला होता. 'धोकादायक इमारत' हे दोन शब्द त्यांच्या बोटांना इतके पाठ झाले होते, की भाजीची यादी टाइप करायला घेतली तरी पहिल्या ओळीत तेच उमटायचे. निवृत्त होऊन घरी बसल्यावर आणि चार भिंतींकडे निवांत बघायला सवड मिळाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण स्वतःच त्या दोन शब्दांत राहतो आहोत.

इमारत चार मजली होती. लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर फरशी, आणि फरशीवर अकरा कुटुंबं. मालकानं कित्येक वर्षांत तिला चुन्याचं बोटही लावलं नव्हतं. बाईंनी सहा वर्षांत सतरा अर्ज केले. दर अर्जानंतर निरीक्षक यायचे, समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहायचे, मान वर करून एकदा इमारतीकडे आणि एकदा घड्याळाकडे बघायचे, आणि लिहायचे, 'पाहणी केली. इमारत सुस्थितीत आढळली.' मालकाला एखादं पत्र धाडलंच, तर ते 'मालक पत्त्यावर सापडत नाहीत' असा शेरा घेऊन परत यायचं.

आज निरीक्षकांना जिना चढावा लागला, त्याला कारण नवे आयुक्त. पाच वर्षांहून जुन्या तक्रारी शनिवारपर्यंत निकाली काढा आणि तक्रारदाराची तशी सही आणा, असा त्यांनी हुकूम सोडला होता. निरीक्षकांनी बाईंना फोन केला, "जरा खाली टपरीपाशी येता का?" बाई म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतो. तुमच्या फाइलीचा दुखत नसेल, तर तिला वर घेऊन या."

तर निरीक्षक फाइल घेऊन आले होते, आणि आता थेट खोलीच्या मधून चालत येत होते.

"साहेब, भिंतीकडेनं या," बाई म्हणाल्या.

"का?"

"मधली जमीन हलते. अर्जात लिहिलंय मी. सतराही अर्जांत."

निरीक्षक थांबले. ते थांबले तेही नेमके मधोमध. एवढा जिना चढल्याचा राग त्यांच्या अंगात होताच. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याच खात्यातल्या, म्हणून बोलतो. जुनं लाकूड थोडं लवतंच. म्हणून काय ते पडतं होय? हे बघा!" आणि त्यांनी उजवा पाय उचलून जमिनीवर आपटला.

कपाटातल्या कपबशा किणकिणल्या.

"झालं काही?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "पण साहेब, खरंच इकडे या."

निरीक्षकांनी दुसऱ्यांदा पाय आपटला. खालच्या मजल्यावरून शिंपीमामांचा आवाज आला, "बाई, वरून भुसा पडतोय हो!"

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या.

"भुसा कुठंही पडतो! लिहून देतो तुम्हाला, ही इमारत अजून पन्नास..."

'वर्षं' हा शब्द उच्चारताना निरीक्षकांनी तिसऱ्यांदा पाय आपटला. कडाड् असा आवाज झाला, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसली तेव्हा निरीक्षकही बरेच खाली बसलेले होते. छातीपासून वरचे निरीक्षक बाईंच्या खोलीत होते. उरलेले दिसत नव्हते.

उरलेले शिंपीमामांकडे पोचले होते. मामा तोंडात टाचण्या धरून एका गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेत होते आणि त्यासाठी त्याला मान वर करायला सांगितली होती. त्यामुळे छतातून दोन पाय येताना पहिल्यांदा त्या गिऱ्हाइकानंच पाहिले.

"मामा, वरून कोणीतरी येतंय."

"बसू दे त्यांना बाकावर," मामा टाचण्यांआडून म्हणाले. "आधी तुमची कॉलर."

तेवढ्यात एक बूट कापडाच्या गठ्ठ्यावर पडला. मामांनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं, तर पायांच्या बरोबर खाली त्यांची इस्त्री तापत होती. त्यांनी आधी इस्त्री बाजूला केली, आणि मगच ओरडले.

बाईंनी भिंतीच्या कडेनं येऊन निरीक्षकांची विचारपूस केली. लागलं फारसं नव्हतं. दोन तुळयांच्या मधल्या जागेत पोट घट्ट अडकलं होतं, आणि पडायचं होतं तेवढं पडून झालं होतं.

"पाय हलताहेत का, साहेब?"

"हलताहेत. पण कुणीतरी धरलेत!"

"मी धरलेत!" खालून मामा ओरडले. "मशिनवर लाथा बसत होत्या!"

दहा मिनिटांत बंब आला. बंबाचे प्रमुख कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी निरीक्षकांना वरून पाहिलं, दुसऱ्या मजल्यावर जाऊन खालून पाहिलं, आणि परत वर येऊन सांगितलं, "वर ओढलं, तर तुळई सुटेल. खाली ओढलं, तर तुळईसकट साहेब सुटतील. आधी खालून टेकू लावले पाहिजेत."

"मग लावा ना!" निरीक्षक म्हणाले.

"लावतो. हुकूम कुठाय?"

"कसला हुकूम?"

"खासगी इमारतीला टेकू लावायला इमारत खात्याचा लेखी हुकूम लागतो. गेल्या वर्षी हुकुमाविना एक टेकू लावला, तर मालकानं आम्हाला कोर्टात उभं केलं. त्या त्या विभागाच्या निरीक्षकाची सही आणा, लगेच लावतो."

खोलीतल्या सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"अहो, विभागाचा निरीक्षक मीच! द्या इकडे, लिहून देतो!"

"लिहाल हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण त्या फाइलीत सगळ्यात वरचा कागद कुठला आहे? तुमचाच, गेल्या महिन्यातला. इमारत सुस्थितीत. आणि सुस्थितीतल्या इमारतीला टेकू लावता येत नाही. नियम बारा."

निरीक्षकांनी फाइलीकडे पाहिलं. ती त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर उघडी पडली होती आणि त्यांचीच सही त्यांच्याकडे बघत होती. सतरा वेळा आपण हे प्रकरण लोंबकळत ठेवलं, आणि आज त्याच्या जागी आपण लोंबकळतो आहोत, हे त्यांना त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

याच सुमाराला मालक आले. सहा वर्षं जे पालिकेला पत्त्यावर सापडत नव्हते, ते जमीन खचल्याचं कानावर जाताच पंधरा मिनिटांत हजर झाले. चेहरा कुणाच्या तरी समाचाराला आल्यासारखा केला होता, पण डोळे काही त्या चेहऱ्याला साथ देत नव्हते. दारातल्या बंबवाल्यांना बाजूला सारत ते आत घुसले आणि म्हणाले, "साहेब, आता एक क्षण थांबू नका. लाल कागद काढा!"

इमारत खात्यात तीन रंगांचे कागद असत. पांढरा म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे इमारत तात्काळ रिकामी करा, मग ती पाडा. आणि पिवळा म्हणजे मालकानं दुरुस्त करा आणि राहणाऱ्यांना आपापल्या खोल्यांत परत आणून सोडा. पिवळा कागद क्वचितच निघे, कारण त्यात निरीक्षकाला काम होतं आणि मालकाला त्याहून जास्त.

"माणसांचे जीव महत्त्वाचे," मालक छातीवर हात ठेवून म्हणाले. "सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. तात्पुरतं."

दाराशी जमलेल्या शेजाऱ्यांत मामी उभ्या होत्या, शिंपीमामांच्या पत्नी. त्या हळूच म्हणाल्या, "तीन मशिनं आहेत आमची. ती घेऊन कुठं जायचं, बाई?"

बाईंना उत्तर माहीत होतं. लाल कागदावर बाहेर पडलेल्या माणसांच्या याद्या त्यांनी वर्षानुवर्षं टाइप केल्या होत्या. प्रत्येक यादीच्या डोक्यावर 'तात्पुरते स्थलांतर' असं लिहिलेलं असायचं. पण त्यांतलं कुणी परत आपल्या घरी राहायला आल्याचा कागद एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एकदाही गेला नव्हता. आपल्या इमारतीची यादी कशी दिसेल, हे त्यांना अक्षर न् अक्षर दिसू लागलं. अकरा नावं. शेवटून दुसरं त्यांचं स्वतःचं.

"काढतो!" निरीक्षक जमिनीतून म्हणाले. "लाल तर लाल! पण लवकर काय ते करा!"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. "काढा की. माझी काय हरकत? फक्त कलम चार एकदा ऐकून घ्या. लाल कागद निघाला, की इमारत पूर्ण रिकामी होईपर्यंत तिला कुणीही हात लावायचा नाही. खरं ना हो, प्रमुख?"

"अगदी खरं," बंबाचे प्रमुख म्हणाले. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"म्हणजे आधी सगळ्यांनी बाहेर जायचं," बाई निरीक्षकांना समजावून सांगू लागल्या. "सगळ्यांत तुम्हीही आलात. तुम्ही एकदा बाहेर पडलात, की तुम्हाला बाहेर काढायचं काम सुरू होईल."

निरीक्षकांनी हे वाक्य मनात दोनदा फिरवून पाहिलं. दोन्ही वेळा ते तिथंच येऊन थांबलं.

"मग... पिवळा?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"पिवळ्यावर टेकू लगेच लागतात. पण त्यात इमारत जीर्ण आहे, असं लिहावं लागेल. म्हणजे गेल्या महिन्यातला अहवाल चुकीचा, हे ओघानं आलंच."

"नाही नाही! ते कसं लिहू? मधला काही रंग नाही का?"

खालून मामांचा आवाज आला, "साहेब, पँट मागून पार उसवलीय. तसे बाहेर पडलात तर बरं दिसणार नाही. शिवून टाकतो. हलू नका, हातात सुई आहे!"

आणि त्याच वेळी डावीकडच्या तुळईनं एक लांबलचक कुरकुर केली. निरीक्षक बोटभर खाली गेले. पायाखालची जमीन सरकणं काय असतं, हे त्यांना कळलं होतंच. आता ती काखेखालूनही सरकू लागली होती.

"टाइप करा, बाई," ते म्हणाले.

बाईंनी टाइपरायटरवरची चादर काढली, भिंतीलगतच्या स्टुलावर तो ठेवला आणि मध्ये कार्बन घालून तीन कागद चढवले. अशा कामाला लागणारे नमुने त्यांच्या घरात होतेच. चहा-साखर संपायची, नमुने नाही.

"पाहणी कितव्या मजल्यावर केली?"

"तिसऱ्या."

"पूर्ण?"

"...तिसऱ्या आणि दुसऱ्या. एकाच वेळी."

"जमिनीची स्थिती?"

"सुस्..." निरीक्षकांच्या तोंडाला सवय पडली होती. तुळई पुन्हा कुरकुरली. "भयंकर! भयंकर लिहा!"

"'भयंकर' नमुन्यात बसत नाही. 'अत्यंत जीर्ण' बसतं."

"बसवा! काय बसेल ते बसवा!"

पुढचं बाईंनी कुणाला विचारलं नाही. मालकानं सहा महिन्यांत काय काय दुरुस्त करायचं, काम चालू असताना कोणत्या कुटुंबाची सोय मालकानं कुठं करायची, आणि ज्याची खोली त्याला परत द्यायची, हे सगळं अकरा कुटुंबांच्या नावांनिशी आणि खोल्यांच्या मापांनिशी त्यांनी उतरवलं. या यादीवर मालकाची सही झाल्याखेरीज इमारतीची एक वीटही हलवायची नाही, असं शेवटचं वाक्य घातलं. सहा वर्षं हा कागद त्यांच्या डोक्यात तयार होता. एकही अक्षर खोडावं लागलं नाही.

निरीक्षकांनी सही केली. बाई म्हणाल्या, "शिक्का?"

निरीक्षकांचा चेहरा पडला. "पँटच्या मागच्या खिशात आहे."

बाईंनी फटीतून खाली हाक मारली, "मामा, साहेबांच्या मागच्या खिशातून शिक्का काढा!"

मामांनी पँट चाचपून पाहिली. मग मामा म्हणाले, "आत्ताच खिसा शिवून बंद केला हो, बाई! दुहेरी टाके घातले!"

"उसवा!"

मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं काम गिऱ्हाइकाच्या अंगावर असताना उसवलं. मामींनी धावत खाली जाऊन शिक्का वर आणला, आणि पिवळ्या कागदावर तो असा उमटला की पलीकडच्या बाजूनंही वाचता यावा.

हा गोंधळ चालू असताना मालक मागच्या मागं काढता पाय घेत होते. पण येताना घाईत ते भिंतीची कड सोडून कपाटापर्यंत आले होते. आता त्यांनी दाराच्या दिशेनं एक पाऊल टाकलं, तशी फरशी खालून 'टक्' अशी बोलली. मालक एका पायावर उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "कुठून चालायचं?"

"सांगते ना. कुठली फळी धरते आणि कुठली सोडते, मला झोपेतही सांगता येईल. आधी कागद मिळाल्याची सही करा. सहा वर्षं तुम्ही पत्त्यावर सापडत नव्हतात. आज अगदी मधोमध सापडलात."

"ही जबरदस्ती आहे!"

"छे हो! वाट मोकळी आहे. सरळ मधून चालत जा."

मालकांनी मधोमध पाहिलं. तिथून निरीक्षकांचं डोकं त्यांच्याकडे बघत होतं. मालकांनी हात पुढं केला. प्रमुखांनी शिडीच्या टोकाला बांधून कागद त्यांच्यापाशी पोचवला. एका पायावर उभं राहून केली असली तरी सही स्वच्छ होती. बाईंनी ती चष्म्यातून तपासली, कार्बनखालच्या दोन्ही प्रती वेगळ्या केल्या आणि म्हणाल्या, "आता डावीकडे दोन फरशा, मग भिंत."

टेकू लागले. अर्ध्या तासात बंबवाल्यांनी निरीक्षकांना अलगद वर काढलं. ते भिंतीला टेकून बसले. मामींनी बूट आणून दिला, बाईंनी चहा दिला. पँट इतकी सुबक शिवलेली होती, की त्यांनी दोनदा मागं हात लावून खात्री करून घेतली.

खरी मौज पुढंच झाली. कागद आयुक्तांपर्यंत गेला. एकाच वेळी दोन मजल्यांवरून केलेली पाहणी त्यांनी यापूर्वी कधी वाचली नव्हती. 'इमारतीच्या अंतरंगात शिरून पाहणी केल्याबद्दल' त्यांनी निरीक्षकांना प्रशस्तिपत्रक दिलं आणि तसं परिपत्रक शहरभर काढलं. इमारतीतले लोक खवळले. मामा तर कात्री हातात घेऊनच वर आले. "सतरा अर्ज तुमचे, बाई, छत माझं, आणि शाबासकी त्या माणसाला?"

बाईंनी परिपत्रकाचं दुसरं पान उलटून त्यांच्यापुढं धरलं. शहरातल्या बेचाळीस जुन्या इमारतींना यापुढं याच नमुन्यात पिवळी नोटीस द्यावी, असं आयुक्तांनी लिहिलं होतं, आणि सोबत तो नमुना जोडला होता. ज्याची खोली त्याला परत. यादीवर सही झाल्याखेरीज एक वीट हलवू नये. स्वल्पविरामापर्यंत सगळं बाईंचं.

"बेचाळीस?" मामा म्हणाले.

"बेचाळीस," बाई म्हणाल्या. मग त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

दुरुस्तीला सहाऐवजी आठ महिने लागले. पण अकराही कुटुंबं परत आली. मामांची तीन मशिनं नव्या छताखाली पुन्हा मांडली गेली. तिसऱ्या मजल्यावर बाईंनी टेबल ओढून खोलीच्या मधोमध घेतलं, आणि पहिला आठवडाभर येईल त्याला त्या खोलीच्या मधूनच चालायला लावत होत्या.

एके सकाळी निरीक्षक आले. आता त्यांच्या हाताखाली तीन नवे निरीक्षक दिले होते, आणि बेचाळीस इमारतींचं काम त्यांना काही उरकेना. आठवड्यातून दोन दिवस बाईंनी खात्यात येऊन नोटिसा करून द्याव्यात, असं आयुक्तांचं म्हणणं होतं. बाईंनी थोडे आढेवेढे घेतले. ते फक्त रीत म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्या खात्यातल्या आपल्या जुन्या खोलीत खिडकीपाशी जाऊन बसल्या.

तिघेही नवे निरीक्षक एका रांगेत उभे होते. कपडे कडक इस्त्रीचे, बूट चकचकीत. पहिल्यानं अदबीनं आपला अहवाल पुढं केला. "बाई, हा एवढा टाइप करून द्या. अगदी सविस्तर पाहणी केलीय."

बाईंनी अहवाल हातात घेतला, पण वाचला नाही. त्याच्या बुटांकडे मात्र जरा वेळ पाहिलं.

"या इमारतीच्या जिन्याला पायऱ्या किती?"

पहिल्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं छताकडे.

"मोजून या," बाई म्हणाल्या. "तोवर मी फीत बदलते."